अभिप्रायार्थ, सप्रेम भेट

"यंदाचा पुस्तकपरिचय कधी पाठवताय?" असा स्मरणिकेच्या संपादकांचा फोन दरवर्षी गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी येतो आणि मी दरवर्षी "देतो, देतो" म्हणतो. यंदा मी "देणार नाही" म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "बरं, मग का देणार नाही ते लिहून द्या. दोन हजार शब्द. आणि युनिकोडमध्ये पाठवा." संपादक व्हायला हीच चिकाटी लागत असावी!

तर मंडळी, हा लेख म्हणजे एका परीक्षकाचे परीक्षण आहे. परीक्षक मीच.

पेशाने मी आयटी कन्सल्टंट. २००३ साली मास्टर्स करायला इकडे आलो तेव्हा दोन बॅगांपैकी एक अर्धी मराठी पुस्तकांनी भरलेली होती. (आईच्या मते ती जागा लोणच्याची होती.) पुढे मंडळात "हा वाचतो" अशी माझी ख्याती झाली, आणि वाचणाऱ्या माणसाला पकडून लिहायला लावणे हा सगळ्याच मंडळांचा जुना रिवाज. गेल्या नऊ वर्षांत मी आपल्या स्मरणिकेत ११ पुस्तकांवर लिहिले. सगळी आपल्याच भागातल्या किंवा ओळखीच्या लेखकांची. सगळी मला फुकट मिळालेली. काही छापून झाल्यावर, तर काही त्याच्या आधीच, स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रुफांच्या रूपात.

संपादकांचा फोन ठेवल्यावर मी जुने अंक खाली काढले आणि मोजदाद केली. ११ पैकी ११ पुस्तके "संग्रही असावी अशी" निघाली. नऊ पुस्तकांची भाषा "ओघवती" होती. सात पुस्तके मी "एका बैठकीत" वाचली होती. त्यातले एक ४१२ पानांचे होते, म्हणजे ती बैठक कुठे आणि कशी झाली हे माझ्या बायकोलाही विचारावे लागेल. दोष म्हणून मी आजवर फक्त एकच गोष्ट दाखवली आहे, ती म्हणजे मुद्रणदोष. कारण तो लेखकाच्या अंगाला लागत नाही. पुण्यातल्या प्रेसवर ढकलता येतो. आमच्या व्यवसायात एखाद्या टेस्टरने लागोपाठ अकरा वेळा "एकही त्रुटी आढळली नाही" असा रिपोर्ट दिला, तर आम्ही सॉफ्टवेअरचे अभिनंदन करत नाही. टेस्टर बदलतो.

आता कोणी म्हणेल, फुकट पुस्तक घेतले की असेच व्हायचे. मला ते तितके सरळ वाटत नाही. मराठी वर्तमानपत्रे आणि नियतकालिके अभिप्रायासाठी पुस्तकाच्या दोन प्रती मागवत आली आहेत आणि त्यात कोणाला कधी लाचलुचपत दिसली नाही. इथल्या प्रकाशकांची तर ती नेहमीची यंत्रणाच आहे. पुस्तक बाजारात येण्याच्या काही महिने आधी त्याची कच्ची प्रत काढायची, तिच्यावर "अंतिम दुरुस्त्या व्हायच्या आहेत, विक्रीसाठी नाही" असे छापायचे आणि ती परीक्षकांना, दुकानदारांना, ग्रंथपालांना धाडायची. व्हर्जिनिया कर्कस नावाच्या बाईंनी १९३३ साली याच कच्च्या प्रतींवर एक धंदा उभा केला. प्रुफे प्रकाशकाकडून फुकट घ्यायची, वाचून पुस्तकांविषयीचे मत छापायचे आणि ते पत्रक दुकानदारांना वर्गणी लावून विकायचे. यात गंमत अशी, की प्रत प्रकाशकाची असली तरी बाईंचे घर दुकानदाराच्या पैशावर चालायचे. पुस्तक चांगले म्हणून सांगितले आणि ते दुकानात पडून राहिले, तर वर्गणी बंद! त्यामुळे फुकट प्रतीने त्यांचे काही बिघडवले नसावे. (पुढे याच संस्थेने, स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांकडून फी घेऊन परीक्षण लिहून देणारा वेगळा विभाग काढला. मत पसंत पडले नाही तर लेखकाला ते प्रसिद्ध न करण्याची मुभा असते. त्याबद्दल ज्याने त्याने आपले मत बनवावे.)

माझी वर्गणी कोण भरत होते? तर तुम्ही. मंडळाच्या सभासदत्वात स्मरणिका येते. पण वर्षभर मला भेटणारा, घरी जेवायला बोलावणारा, मुलीच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला पुढच्या रांगेत बसणारा, तो लेखक! मग लिहिताना मान कोणाकडे वळणार?

माझ्या कपाटातल्या त्या ११ पुस्तकांपैकी बहुतेकांच्या पहिल्या पानावर एकच मजकूर आहे, "अभिप्रायार्थ, सप्रेम भेट", खाली सही आणि तारीख. किती सहज लिहितो आपण हे! पण एकाच प्रतीवर हे दोन्ही शब्द असले की घेणाऱ्याची पंचाईत होते. अभिप्रायार्थ दिलेल्या वस्तूचे खरे काय ते सांगायचे असते आणि सप्रेम भेट मिळालेल्या वस्तूला "छान आहे हो" म्हणायचे असते. दिवाळीला कोणी आणलेल्या चकल्या वातड झाल्या आहेत असे आपण दारात उभे राहून सांगत नाही. मीही नऊ वर्षे चकल्या खाल्ल्या.

सरकारलाही हा प्रश्न पडला होता. इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली. वस्तू फुकट घेऊन तिची भलामण करणाऱ्याने ते संबंध उघड करावेत, असे त्यात आले, आणि पुस्तकांवर हौसेने लिहिणारी बरीच मंडळी त्यावरून चिडली. वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना मात्र सहसा तसे सांगण्याची गरज नाही, असा कमिशनचा सूर होता. २०२४ मध्ये तर खोटी आणि विकत घेतलेली परीक्षणे यांच्यावर बंदीचा नियमच झाला. चांगले झाले. पण मी प्रत्येक लेखाखाली "प्रत लेखकाकडून भेट" असे प्रामाणिकपणे छापले असते, तरी वरच्या मजकुरातले "संग्रही असावे" काही खरे झाले नसते.

माझे क्लाएंटचे ऑफिस फिलाडेल्फियात आणि घर साउथ जर्सीत. त्यामुळे डेलावेअर नदीवरचा वॉल्ट व्हिटमन ब्रिज मी आठवड्यातून तीनदा तरी ओलांडतो. हा कवी आमच्या शेजारच्या कॅमडेनमध्ये १८७३ पासून १८९२ साली मरेपर्यंत राहिला. पुलाला त्याचे नाव, टर्नपाइकवरच्या एका सर्व्हिस एरियालाही त्याचेच नाव. पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला या माणसाचे एक प्रकरण आठवते आणि जरा बरे वाटते.

व्हिटमनने १८५५ साली 'लीव्हज ऑफ ग्रास' स्वतःच्या खर्चाने काढले. आपल्या भाषेत, लेखकाने पैसे घालून छापलेले पुस्तक! एक प्रत त्याने त्या काळचे बडे प्रस्थ असलेल्या एमर्सनला पाठवली. दोघांची ओळखदेखील नव्हती. एमर्सनने २१ जुलैला त्याला एक खासगी पत्र लिहिले आणि मनापासून, हात न आखडता कौतुक केले. झाले! व्हिटमनने ते पत्र एमर्सनला न विचारता न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये छापू दिले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत तर त्यातले, थोर कारकिर्दीच्या आरंभाला शुभेच्छा देणारे वाक्य, एमर्सनच्या नावासकट पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत झळकले. एवढ्यावर गडी थांबला नाही. त्याने आपल्याच पुस्तकावर निनावी परीक्षणे लिहून नियतकालिकांत छापून आणली. दीडशे वर्षांनी, २००४ च्या फेब्रुवारीत, ॲमेझॉनच्या कॅनडातल्या साइटवर एका तांत्रिक गोंधळामुळे निनावी परीक्षकांची खरी नावे काही दिवस जगाला दिसली आणि काही लेखक स्वतःच्याच पुस्तकाला दाद देताना सापडले, तेव्हा लोकांना धक्का बसला. बसायला नको होता. (ज्या कोणा प्रोग्रॅमरच्या हातून ती चूक झाली असेल, त्याच्याबद्दल व्यवसायबंधू म्हणून मला सहानुभूती आहे.)

या सगळ्यात एमर्सनचे काय चुकले? माझ्या मते, काहीच नाही. प्रत फुकट होती, पण मत त्याचे होते. खासगीत एक आणि छापील दुसरे, असा प्रकार नव्हता. माझा नेमका तोच प्रकार झाला, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आपल्या भागातले एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. त्यांची परवानगी घेतली आहे, पण नावाशिवाय. आपण सगळे त्यांना काका म्हणतो. १९६९ साली, परदेशी चलनाच्या नियमाप्रमाणे मिळालेले ८ डॉलर खिशात घेऊन आलेली जी पिढी, त्यातले ते. केमिकल इंजिनिअर. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि २०१७ मध्ये ते छापायला जाण्याआधी त्याची प्रुफे माझ्याकडे दिली. "नीट वाच, आणि सांग," म्हणाले. वर ते नेहमीचे शब्द होतेच.

मी नीट वाचले. हातात पेन्सिल घेऊन, तीन शनिवार-रविवार. कोड रिव्ह्यू करतो तसे ओळ न् ओळ. ६१ ठिकाणी खुणा केल्या. पहिली साठ पाने म्हणजे घराण्याचा इतिहास आणि गावातल्या प्रतिष्ठितांची यादी. मधे नायगरा, डिस्नेवर्ल्ड, ग्रँड कॅन्यन. प्रत्येक ठिकाणी कोण कोण बरोबर होते आणि डब्यात काय होते ते. शेवटी सत्काराची भाषणे आणि आलेली पत्रे जशीच्या तशी. आणि या सगळ्या पसाऱ्यात, २१२ व्या पानावर, नऊ पानांचे एक प्रकरण. १९७४ साली आई गेल्याची तार त्यांना मिळाली तेव्हा तिला जाऊन दोन दिवस झाले होते. तिकिटाला पैसे नव्हते. ज्यांच्याकडे मागता आले असते असे दोनच लोक होते आणि दोघांकडेही त्यांनी मागितले नाही. त्या रात्री ते लाँड्रोमॅटमध्ये जाऊन बसले, कारण घरी लहान मूल झोपले होते आणि रडायला जागा नव्हती. यंत्रात घालायला म्हणून त्यांनी घरातले धुतलेलेच कपडे नेले होते. या नऊ पानांत एकही मोठा शब्द नाही. मी समासात लिहिले, "काका, पुस्तक इथून सुरू व्हायला हवे. बाकीच्यातले निम्मे काढा."

आणि मग मी ती प्रुफे कपाटात ठेवून दिली. काकांना फोन करून म्हणालो, "अप्रतिम. एका बैठकीत वाचलं." त्यांनी मलपृष्ठासाठी चार ओळी मागितल्या, त्या दिल्या. पुस्तक निघाल्यावर स्मरणिकेत दोन पाने परिचय लिहिला, ओघवती भाषा वगैरे. त्यात ते लाँड्रोमॅट आले नाही. एका प्रकरणाची अशी स्तुती केली असती, तर बाकीची वीस प्रकरणे आपोआप उघडी पडली असती.

त्या वर्षी गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत एक ताई भेटल्या. "तुमचं वाचून काकांचं पुस्तक घेतलं हो. तीन प्रती. एक सासूबाईंना पुण्याला पाठवली." मी खूश. त्या जरा थांबल्या आणि अगदी साधेपणाने विचारले, "तुम्ही वाचलं होतंत ना?"

मी हो म्हणालो. ते खरेही होते! पण त्यानंतर त्या ताई मंडळाच्या पुस्तकांच्या टेबलापाशी थांबलेल्या मला दिसल्या नाहीत. साठ डॉलर आणि चार संध्याकाळी, एवढी त्यांची माझ्यामुळे झालेली खोट. ती मी कधी भरून दिली नाही. परदेशात मराठी पुस्तके कोणी घेत नाही, अशी ओरड आपण दर अधिवेशनात ऐकतो. त्यातला थोडा वाटा माझ्या ओघवत्या भाषेचाही आहे.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली परीक्षकाच्या धंद्यावर एक लेख लिहिला होता. ज्या पुस्तकांबद्दल मनात काहीच उमटत नाही, त्यांच्याबद्दल सतत काहीतरी वाटल्याचे दाखवावे लागते, ही परीक्षकाची खरी झीज आहे, असे त्याचे म्हणणे. बहुतेक पुस्तके सरळ सोडून द्यावीत आणि मोजक्यांवर भरपूर लिहावे, असा त्याचा उपाय. पटण्यासारखा आहे, पण माझ्या रोगावर तो लागू पडत नाही. ऑर्वेलच्या परीक्षकाला काही वाटत नव्हते. मला ६१ ठिकाणी वाटले होते.

आणि खरे तर छापण्याआधी खरे बोलण्याची रीत मराठीला नवी नाही. १९८२ साली बंद झालेले 'सत्यकथा' मासिक कशासाठी आठवते? श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी बोलून, पत्रे लिहून, कथेवर पुन्हा पुन्हा काम करून घेत, त्यासाठी. अनेक लेखकांनी ते वैतागून आणि कृतज्ञतेने सांगून ठेवले आहे. प्रूफ म्हणजे शेवटी काय? अजून बदलता येईल अशी अवस्था. त्या अवस्थेत गप्प बसून छापील पुस्तकावर गोड लिहिणे म्हणजे युजर टेस्टिंगमध्ये सही करून देणे आणि सिस्टिम लाइव्ह झाल्यावर हार घालायला जाणे.

गेल्या हिवाळ्यात काका आमच्याकडे जेवायला आले होते. आता वय ८०, पण हातात पुस्तक घेतल्याशिवाय त्यांना कोणाच्या घरी बसवत नाही. मी किचनमध्ये पोळ्यांना हात लावत होतो. (बायकोने येथे "तूप" अशी दुरुस्ती सुचवली आहे. मी पोळ्यांना तूप लावत होतो.) बाहेर आलो तर काकांच्या मांडीवर ती स्पायरलची प्रुफे. माझ्या छातीत धस्स झाले. ते एकेक पान उलटत होते, समास वाचत होते. पंधरा-वीस मिनिटे कोणी बोलले नाही. कुकरची शिट्टी तेवढी झाली.

"हे तू तेव्हाच केलं होतंस?"

"हो, काका."

"सगळं पुस्तक असं वाचलंस?"

"हो."

"मग मला का नाही दिलंस?"

मी काहीतरी पुटपुटलो. तुम्हाला वाईट वाटेल, वय, कष्ट, वगैरे. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "अरे, अठ्ठावीस लोकांना प्रती दिल्या होत्या. सगळ्यांनी छान म्हटलं. मला वाटलं, कोणी वाचलंच नाही. आणि एकाने वाचलं, तर त्याने ते लपवून ठेवलं."

जेवण झाले. जाताना प्रुफे त्यांनी काखोटीला मारली.

मला पुन्हा व्हिटमनची आठवण झाली. १८६० साली तिसऱ्या आवृत्तीची छपाई चालू असताना एमर्सन त्याला बॉस्टन कॉमनवर फिरायला घेऊन गेला. स्त्री-पुरुषांच्या देहप्रेमाच्या कविता या आवृत्तीतून काढ, म्हणून दोन तास समजावत होता. व्हिटमनने सगळे ऐकून घेतले. युक्तिवाद बिनतोड आहेत, असे त्यालाही वाटले, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. पण कविता काढणार नाही म्हणाला, आणि काढल्या नाहीत. मग दोघे जाऊन एकत्र छान जेवले! एकाने मत दिले, दुसऱ्याने ते मानले नाही, आणि मैत्रीला काही झाले नाही. आमच्या घरीही जेवण झाले होते म्हणा, पण सात वर्षे उशिरा.

आता काका दुसरी आवृत्ती काढत आहेत. संपादकांना हवा होता तो परिचय त्याच आवृत्तीचा. म्हणून मी नाही म्हणालो. ज्या पुस्तकात माझ्या पेन्सिलीचा हात लागला आहे त्याच्यावर मीच लिहिणे बरोबर नाही. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या, आणि शक्य असेल तर ज्याने काकांकडे कधी पुरणपोळी खाल्लेली नाही अशा माणसाकडून. मलपृष्ठावरच्या माझ्या चार ओळीही काढायला सांगितल्या आहेत. आणि त्या ताई हा लेख वाचत असतील, तर नवी प्रत त्यांना मी माझ्या पैशाने विकत घेऊन देईन. अभिप्रायार्थ.

परवा रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. बोलायला सुरुवातच अशी, "पान २१२ वर तू लिहिलंयस ना, पुस्तक इथून सुरू करा म्हणून? ते साफ चूक आहे."

"का, काका?"

"आईच्या मरणाने कसं सुरू करू? आधी ती जिवंत दिसायला नको का कोणाला? नुसती तार आली म्हणून वाचणारा कशाला रडेल?"

मला उत्तर सुचले नाही. सात वर्षांपूर्वी हे बोलणे झाले असते तर त्यांनी ते तेव्हाच सांगितले असते, एवढे मात्र डोक्यात आले.

"आईवर आणखी दहा पानं लिहितोय," ते म्हणाले. "झाली की पाठवतो, तुझी ती पेन्सिल घेऊन बस." मग जरा थांबून, "नायगरा काढला. डिस्नेवर्ल्ड राहू दे, नातवंडं आहेत त्यात."